एकवीस नगांचा पुकारा

कार्बनच्या निळ्या अक्षरांवर माझा राग आहे. शाईचं अक्षर निदान माणसासारखं म्हातारं होतं, पिवळं पडतं, पाण्याचा थेंब पडला की विरघळतं. कार्बनचं अक्षर निर्लज्ज. पन्नास वर्षं आईच्या ट्रंकेत, तळाला अंथरलेल्या खाकी कागदाखाली, डांबरगोळ्यांच्या वासात पालथं पडून राहिलं आणि गेल्या आठवड्यात मी ओढून काढलं, तर काल उमटल्यासारखं माझ्याकडे टक लावून बघायला लागलं. वर काकाचं गोलगोल वळण: 'देवघराची यादी, नग एकवीस.' मी ती उभ्यानं तीनदा वाचली, ट्रंकेवर बसून चारदा वाचली, चष्मा लुंगीला पुसून आणखी एकदा वाचली. मला हवी होती ती वस्तू तिच्यात नव्हती.

मला ओळखणारे म्हणतील, झाली याची सुरुवात. कबूल. मी थापाड्या माणूस आहे. पाऊस पडतोय असं मी ओरडलो तर मलकपेठेत कुणी गच्चीवरचे कपडे काढत नाही, एवढी माझी पत. रेसकोर्सवरून सुटलेला घोडा आमच्या न्हाणीघरात शिरला आणि मी त्याला साबण लावून, अंग पुसून परत पाठवला, ही हकिकत मी निदान चारशे पंगतींत सांगितली असेल. घोड्याचा रंग दर पंगतीला वेगळा. पण थाप मारणाऱ्याला आपली थाप ठाऊक असते. आमच्या धंद्यात तेवढाच काय तो आधार. निरांजनाची गोष्ट मी थाप म्हणून कधीच मारली नव्हती. ती मला आठवत होती.

ट्रंक उघडायला लावली ती ईरानं, माझ्या नातीनं. ही मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकते आणि मराठी पाटी वाचताना जोडाक्षर आलं की समोरून बस आल्यासारखी थबकते. रविवारी सकाळी मी निवांत उप्पीट खात होतो. ती फोन टेबलावर ठेवून म्हणाली, "आजोबा, बारा शब्द वाचते. मग आठवतील तेवढे लिहा."

"बारा? शंभर वाच. तुझ्या वयाचा असताना मला अख्खं रेल्वेचं वेळापत्रक पाठ होतं."

"हौ हौ, माहीत आहे. ऐका. गादी. उशी. चादर. पांघरूण. पलंग. जांभई. डुलकी. अंगाई. घोरणं. स्वप्न. मच्छरदाणी. गजर."

मी दहा शब्द लिहिले. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, खाली रेघ मारून लिहिलं: झोप.

"झोप मी वाचलंच नाही," ईरा म्हणाली.

"वाचलंस. सहावा की सातवा. वाचताना तू केस मागे सारलेस."

"आजोबा, माझा अंबाडा बांधलेला आहे."

मी तिच्या डोक्याकडे पाहिलं. अंबाडा होता. तिनं फोनवर सगळं टिपून ठेवलं होतं, ते लावलं. मी तीनदा ऐकलं. गादी होती, उशी होती, मच्छरदाणी होती, झोप नव्हती. मी म्हणालो, तुझा फोन बिघडलाय.

"लाइट तीस्को, आजोबा," ती हसत म्हणाली. इथली पोरं कुणाचं घर जळत असलं तरी हेच म्हणतात. मनाला लावून घेऊ नका, असा त्याचा अर्थ. "सगळ्यांचं होतं हे. शब्द म्हणजे वऱ्हाड. बाकी सगळे नातेवाईक आलेले दिसले की डोकं म्हणतं, नवरदेव आलाच असणार. आणि मग तो दिसतो पण. घोड्यावर बसलेला, फेटा बांधलेला."

मी उप्पीटाची बशी बाजूला ढकलली. मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आता सांगत नाही, कारण जे सांगेन त्यावर माझाच विश्वास बसणार नाही. ती रुसून निघून गेली. मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरची ट्रंक खाली ओढली. मीसुद्धा एकदा भर मांडवात एक यादी वाचली होती. पाटावर उभा राहून, गळ्याच्या शिरा फुगवून.

तेव्हाच्या मलकपेठेला घड्याळ लागत नसे. पहाटे रेसकोर्सचे घोडे फिरायला निघत आणि गल्लीच्या तोंडाशी टापा वाजल्या की दूधवाला उठे, दूधवाल्याच्या हाकेनं काका उठे, काकाच्या खोकल्यानं अर्धं हैदराबाद उठे. हवेत ओल्या लिदीचा वास, लसूणघासाचा वास, आणि आमच्या दारातून येणारा काकूच्या चुलीचा. ती ज्वारीच्या भाकऱ्या थापायची. बाहेर टापा, आत थापा. त्या दोन तालांच्या मधोमध माझं बालपण गेलं. आज त्या जागी उड्डाणपूल, खांब आणि हॉर्न. घोडे अजून आहेत म्हणतात. असतील. मला ऐकू येत नाहीत, आणि ऐकू आले असते तरी आता मी शपथेवर सांगितलं नसतं.

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. काकाकाकूंनी आई, ताई आणि मला आपल्या दोन खोल्यांत घेतलं. त्यांना मूल नव्हतं. काका सरकारी कचेरीत कारकून. कार्बन घातल्याशिवाय त्याचं पेन चालत नसे. धोब्याच्या कपड्यांची नक्कल, सासऱ्याला लिहिलेल्या पत्राची नक्कल, देवाला बोललेल्या नवसाचीही नक्कल. त्याच्या बोटांची टोकं कायम निळी. जेवताना वरणभाताला कार्बनचा वास येतो अशी आई तक्रार करायची. आई पुण्याची. इतकी वर्षं हैदराबादेत काढूनही ती गाडी चुकल्यामुळे थांबलेल्या बाईसारखी राहिली. काकूच्या चिंच घातलेल्या वरणाला ती शेवटपर्यंत 'तुमचं वरण' म्हणाली.

आणि काकू. काकू माझं पहिलं गिऱ्हाईक. शाळेतून आलो की मी चुलीशेजारी बसकण मारायचो आणि सुरू. आज मास्तरांच्या टोपीत साप निघाला. मुसी नदीत हत्ती वाहत आला. काकू भाकरी तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायची आणि म्हणायची, "मग?" भाकरी उलटायची, "मग?" फुगलेल्या भाकरीची वाफ तिच्या तोंडावर यायची, डोळे बारीक व्हायचे, "मग रे, खोटारड्या?" त्या एका शब्दावर मी सापाला फणा फोडला, हत्तीला पिल्लं दिली. जगात कुणी मला तसं 'मग' म्हटलं नाही. बायको 'पुरे' म्हणायची, साहेब 'मुद्द्यावर या' म्हणायचे.

ताईचं लग्न गल्लीतच मांडव घालून झालं. मी चौदा वर्षांचा. आमच्या घराण्यात मुलीला देवघर मुक्यानं देत नसत. नवरीच्या धाकट्या भावानं पाटावर उभं राहून एकेका वस्तूचं नाव खणखणीत वाचायचं, वराकडच्या बाईनं वस्तूला हळदकुंकू लावायचं आणि मांडवातल्या सगळ्या बायकांनी एका सुरात म्हणायचं, "आलं!" पळी असो की शंख, उत्तर एकच, "आलं!" याला आमच्याकडे पुकारा म्हणत. यादी काकानं लिहिली होती, वस्तूही त्यानंच अफझलगंजच्या पुढं भांड्यांच्या गल्लीत आठ दिवस पायपीट करून घेतल्या होत्या. माझ्या हाती कागद देताना तो म्हणाला, "खालपर्यंत वाच. गाळू नकोस काही."

काय दिवस होता. झेंडूचा, ओल्या मातीचा, बुंदीच्या पाकाचा वास. कोपऱ्यात मर्फावाले ढोल तापवत बसलेले. मी कागद धरला आणि असा गरजलो की रेसकोर्सवरचे घोडे बिथरले, एक जॉकी पडला. हे मी पुढं वाढवलेलं आहे, सोडून द्या. पण आवाज मोठा होता. ताम्हन! आलं! पळी! आलं! पंचपात्र! अभिषेकपात्र! शंख! घंटा! सहाण! चंदनाचं खोड! करंडा! अक्षतांची वाटी! अत्तरदाणी! गुलाबदाणी! उदबत्तीचं घर! धुपाटणं! आणि मग शेवटाकडची चढती लय: कापूरदाणी! काडेपेटीचं घर! तुपाची वाटी! फुलवातींची डबी! आरतीचं तबक! निरांजन! नैवेद्याची वाटी! पाट! आलं, आलं, आलं! मर्फा कडाडला, मी पाटावरून उडी मारली आणि कागद वराकडच्यांच्या हाती दिला. पहिल्या पूजेच्या निर्माल्याबरोबर ही यादी नदीत सोडायची रीत. आमची नांदेडला गोदावरीत गेली.

वर मी लिहिलेला पुकारा पुन्हा वाचा. मोजा. बावीस भरतील.

आठ दिवसांनी ताईचं पत्र आलं. सासूबाई विचारतात, तबक आहे, वाती आहेत, तूप आहे, निरांजन कुठं ठेवलंय? एवढंच. बिचारीनं कुणावर आळ घेतला नव्हता. पण पत्र वाचून संपायच्या आत सगळ्यांना निरांजन आठवायला लागलं. आईला आठवलं, तिनं ते स्वतः चिंचेनं घासलं होतं. शेजारच्या सरोजनम्मांना आठवलं, कुंकू लावताना वराकडच्या बाईचं बोट त्याच्या कडेवरून घसरलं होतं. आणि मला आठवलं की विसावा नग म्हणून मी ते वाचलं, आणि चांदीचा उजेड माझ्या डोळ्यांवर आला.

काका एकटा म्हणत राहिला, "मी लिहिलंच नाही. घेतलंच नाही. आपल्या घरात लेकीला दिवा देत नाहीत. घरचा दिवा घरात, तिकडचा तिकडच्यांनी लावायचा."

"दिवा द्यायचा नव्हता, तर वाती कशाला दिल्यात?" आईनं विचारलं.

"तिकडच्या दिव्यात घालायला."

"असली रीत मी जन्मात ऐकली नाही, भावोजी. बायकोला वाचवायला आता रीती निघायला लागल्या."

कुणी तोपर्यंत काकूचं नाव घेतलं नव्हतं. आईनंही घेतलं नाही, फक्त तिकडे पाहिलं. आणि मग माझा आवाज आला. मोठा.

"मी पाहिलं."

काकू पोळपाटापाशी होती. तिनं मान वर केली.

"मांडवाच्या खांबाआड काकू वाकली होती. पदराच्या टोकाला काहीतरी बांधत होती. गाठ मारली आणि इकडंतिकडं बघितलं."

"काय बांधत होती?" आईनं विचारलं.

"चकाकत होतं. देवाशप्पथ."

काकू माझ्याकडे बघत राहिली. 'मग' म्हणाली नाही.

काकानं तीन दिवस आपल्या फायली उपसल्या. शेंगदाण्याच्या पुडीची नक्कल ठेवणारा माणूस, त्याची नेमकी हीच नक्कल सापडेना. चौथ्या दिवशी त्यानं शोधणं थांबवलं आणि महिन्याच्या आत दोघांनी चिक्कडपल्लीत एक खोली घेतली. सायकलरिक्षात काकू पुढे बसली, मांडीवर भाकरीचा तवा कापडात गुंडाळून. काका मागून चालत, चादरघाटच्या पुलापर्यंत आम्हाला दिसत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे टापा वाजल्या आणि आतून थापण्याचा आवाज आला नाही. आईनं स्टोव्हवर पोळ्या केल्या. त्या फुगल्या नाहीत.

त्यानंतर ती गोष्ट माझी झाली, आणि माझ्या हाती आलेली गोष्ट जशीच्या तशी राहिली असं कधी घडलेलं नाही. पहिल्या वर्षी चकाकत होतं. पुढल्या मुंजीत त्याला मोर आला, दांडीवर बसलेला, पिसारा मिटलेला. एका डोहाळजेवणात मोराच्या डोळ्यांत माणकं बसली. मी बँकेत लागेपर्यंत निरांजन अर्धा किलोचं झालं होतं. बायका पदर तोंडाला लावून ऐकायच्या. 'आणि त्या कुठं असतात आता?' 'चिक्कडपल्लीत,' मी सांगायचो, पत्त्यासकट. काका वारला तेव्हा मी स्मशानात मागे उभा राहिलो आणि खांदा न देताच परतलो. काकू दारात बसली होती. मी वळून बघितलं नाही. त्याचा मला अभिमान वाटत असे, हे लिहून ठेवतो.

आणि आता ही निळी यादी. तिच्या तळाशी एक ओळ आहे, रेघ मारून वेगळी काढलेली: 'टीप. घरच्या रीतीप्रमाणे यादीत दिवा नाही.' खालपर्यंत वाच, काका म्हणाला होता. मर्फा कडाडला होता, बायका माझ्याकडे बघत होत्या, अशा वेळी चौदा वर्षांचं कुठलं गाढव टीप वाचतं? पाट आला, मी उडी मारली.

ती प्रत आईच्या ट्रंकेत कशी गेली, मला ठाऊक नाही. आईला ती तिथं आहे हे माहीत होतं का, तेही नाही. आई आता नाही, आणि असती तरी तिला ते आठवलंच असतं. काहीही विचारा, आठवलंच असतं.

मी नांदेडला ताईला फोन लावला.

"ताई, ते निरांजन तू डोळ्यांनी पाहिलं होतंस?"

"असं काय विचारतोस? माझ्याच लग्नातलं. मोराचं होतं ना. एक पीस जरा वाकडं होतं, मला तेव्हाच खटकलं."

मोर मी बसवला होता. मुंजीच्या पंगतीत, जिलबी आणि मठ्ठ्याच्या मधे. वाकडं पीस मात्र ताईचं स्वतःचं. मी फोन ठेवला.

मलकपेठ ते चिक्कडपल्ली मेट्रोनं चार स्टेशनं. मधे एकदा गाडी बदलायची. डब्यात थंडगार हवा, काचेखाली मुसीचं काळं पाणी, आणि समोर कानांत बोंडं घातलेली पोरं, प्रत्येकाच्या तोंडावर असा भाव की जगात आजवर काही घडलेलंच नाही. मला त्यांचा भयंकर हेवा वाटला. यादी मी शर्टाच्या आत, बनियनला लावून धरली होती. घामानं ती पुसली जावी असं मला वाटत होतं का? वाटत होतं. कार्बन पुसत नाही.

भर दुपार होती. लोणच्याच्या दुकानावरचा पहिला मजला. जिन्यात मोहरी आणि गोंगुराच्या आंबट पाल्याचा वास. दार एका कामवाल्या बाईनं उघडलं आणि मला बघून ती दूध आणायला निघून गेली. काकू खिडकीशी पलंगावर बसली होती. नव्वदीला टेकलेली, वाळक्या खारकेएवढी.

"कोण?"

"मी आहे."

"मी मी म्हणणारे लई मेले. नाव सांग."

मी नाव सांगितलं. तिनं कान माझ्याकडे केला. मग म्हणाली, "आवाज बसला की तुझा."

"कशा आहात, काकू?"

"आहात? आता आहात का मी? कोर्टात बोलावलंय जणू." तिनं खुर्चीकडे बोट केलं नाही. "कशाला आलास? अजून काही गेलं का घरातलं?"

मी यादी काढली. सांगितलं, काकाच्या हातची आहे, नक्कल. तिनं हात पुढं केला, निळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं, कागद नाकाशी नेला, हुंगला. मग परत दिला.

"मला दिसत नाही. वाच. त्या दिवशी वाचलीस तशी. उभा राहून."

मी उभा राहिलो. खालच्या दुकानात मिक्सर घरघरत होता. "ताम्हन," मी म्हणालो.

"ऐकू येत नाही."

"ताम्हन!"

"आलं," काकू म्हणाली.

"पळी!"

"आलं."

एकवीस नग. मी वाचत होतो आणि ती एकटी अख्ख्या मांडवाचं उत्तर देत होती. कापूरदाणी, आलं. काडेपेटीचं घर, आलं. तुपाची वाटी, आलं. फुलवातींची डबी, आलं. आरतीचं तबक, आलं. तिथं माझी जीभ आपोआप पुढल्या शब्दासाठी उचलली गेली. कागदावर तो नव्हता, मी बघत होतो की नव्हता, आणि तरी तो तोंडात आला. मी दात आवळले. नैवेद्याची वाटी. आलं. पाट. आलं. मग मी टीप वाचली. पन्नास वर्षं उशिरा वाचली, पण गाळली नाही.

काकूनं डोळे बारीक केले. आणि म्हणाली, "मग?"

तो शब्द मी पन्नास वर्षांनी ऐकत होतो. मी पलंगाच्या कडेला टेकलो. "मग काय, काकू. निरांजन नव्हतंच. काका खरं सांगत होता. तू काही घेतलं नाहीस."

"घेतलं की."

"काय?"

"निरांजन. घेतलं मी. पदरात बांधलं खांबाआड. तूच तर बघितलंस. गार लागत होतं मांडीला. मोर टोचत होता."

"काकू, मोर नव्हता! मोर मी घातला. मी, पंगतीत."

"नक्को शिकवू मला. किती जणींनी येऊन सांगितलं, बाई, मोराचं होतं म्हणे. आधी मीबी नाही नाही म्हणत होते. हे गेले, मग रोज दिवा लावताना एकटीच बघत बसायची त्याच्याकडं. बघता बघता आठवलं सगळं." ती भिंत धरून उठली, कोनाड्यातल्या देवांपुढचं निरांजन उचललं, त्यातली विझलेली वात चिमटीनं काढली आणि ते माझ्या हातात ठेवलं. "हे घे. मरायच्या आत द्यायचं होतं."

लहानसं होतं. चांदीचं, ओंजळीत मावणारं, साधी दांडी. 

"याला मोर कुठंय?" मी म्हणालो.

"झिजला. पन्नास वर्षं राखेनं घासतेय."

मी ते उलटं केलं. तळाला, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं, टोचून नाव घातलेलं होतं. काजळीत नख फिरवून मी वाचलं: 'चि. सौ. यमुनेस माहेरून.' यमुना म्हणजे काकू. तिच्या स्वतःच्या लग्नातलं, ताईच्या लग्नाआधी कितीतरी वर्षं तिच्या देवांपुढं जळत असलेलं. मी लहानपणी रोज संध्याकाळी त्याला हात जोडले असणार. मी ते नाव तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा.

"मीच घालून घेतलं असेल नंतर," ती म्हणाली. "चोर नाव घालतोच."

"काकू, शप्पथ सांगतो..."

"गप. तेव्हा सांगितलंस घेतलं. तेव्हाबी शप्पथ घेतली होतीस. आता सांगतोस नाही घेतलं. कुठली शप्पथ खरी मानू मी?" तिचा आवाज अचानक जिन्यापर्यंत गेला. "मुसीत हत्ती वाहत आला म्हणालास, मानलं. मास्तराच्या टोपीत साप, मानलं. घरात चोर आहे म्हणालास, तेबी मानलं शेवटी. आता एवढं नाही मानणार. ने ते. ताईला दे. ते इथं असलं की माझा जीव जाणार नाही."

तिनं माझ्या खांद्यावरची कापडी पिशवी ओढून घेतली, निरांजन आत टाकलं, वर फुलवातींचं पुडकं टाकलं. हातानं दार दाखवलं. मी दारात थांबलो. मला तेवढ्यात काहीतरी आठवलं होतं. लग्नाच्या दिवशी पुकारा करून माझा घसा बसला, मी पंगत चुकवून मांडवामागं बसलो होतो, आणि काकू आली. तिनं पदराची गाठ सोडली. आत बुंदीचा लाडू होता, पाकानं चकाकणारा. तिथंच बसून मी तो खाल्ला होता. बुंदीतली एक वेलची दाताखाली आली होती.

हे मी तिला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ही आठवण खरी आहे, की गाठ, पदर, चकाकणं, लग्न एवढे पाहुणे जमलेले बघून माझ्या डोक्यानं आत्ताच लाडू आणून बसवला, मला सांगता येईना. त्यातली ती वेलची तर फारच माझ्या हातची वाटत होती. मी जिना उतरलो. वरून कडी लागल्याचा आवाज आला.

हैदराबादेत 'परसों' म्हणतात तेव्हा परवापासून निजामापर्यंत कुठलाही दिवस असू शकतो. माझ्या गोष्टी सगळ्या तशाच परसोंच्या. हे मात्र कॅलेंडरातल्या परवाचं आहे, मंगळवार, दुपारी अडीचचा सुमार. ज्या चोरीला पन्नास वर्षं मी साक्षीदार होतो, ती परवा झाली. निरांजन गेलं ते चिक्कडपल्लीच्या त्या कोनाड्यातून गेलं, आणि नेणारा माणूस मी पाहिलेला आहे.

ते माझ्या टेबलावर आहे. ताईला दाखवायला मी फोटो काढून पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं: 'हेच! मोर कुणी तोडला?'